दोघांची पोपटी

पौष लागला की आमच्या वाशीच्या गॅलरीत संध्याकाळी एक वास येतो. सरळ येत नाही, आडून आडून येतो. आधी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा आंबूस वास, मग खाडीच्या चिखलाचा, आणि या दोघांच्या मधून अंग चोरत भांबुर्ड्याचा. हा पाला ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळायचं नाही. बांधावर कुठेही उगवतो, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, वर्षभर त्याला कुणी विचारत नाही. पण भात कापून झालेल्या शेतात वालाच्या शेंगा भरल्या की याच पाल्याचा भाव वधारतो. मडक्यात तळाला तो घालायचा, वर शेंगा, मीठ, ओवा, जमलं तर चार अंडी, आणि पुन्हा तोच पाला ठासून तोंड बंद करायचं. मग मडकं शेतातच उपडं घालायचं, भोवती पेंढा नि पातेरा रचायचा आणि द्यायचा पेटवून. ही आमची पोपटी. पाणी नाही, तेल नाही, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात.

माझं माहेर तळवलीचं. आता तिथल्या निम्म्या शेतांवर नव्या शहराचे खुंट ठोकलेत, पण भाऊ काशिनाथने उरल्या तुकड्यात वाल पेरणं सोडलेलं नाही. मी वाशीच्या शाळेत पोरांना बाराखडी शिकवते, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते, आणि पौषात मात्र संध्याकाळी गॅलरीत उभी राहून नाक वर करून वास घेते. समोरच्या बाई एकदा म्हणाल्या, "काय हो बाई, गॅस लीक झाला का?" म्हटलं, नाही हो, माहेर लीक झालंय.

पण गंमत अशी की या वासाबरोबर मला तळवली आठवत नाही. आठवतं ते वाळवंट. हसा खुशाल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. हे मुंबईच्या गोदीत फिटर होते, उरणच्या मिठागराकडचे. एका एजंटाने यांना बहरीनला नेलं, तिथल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, म्हणून लवकरच फोरमन झाले. फोरमनला बायको आणायची परवानगी होती. त्या थंडीत यांनी मला बोलावलं. मी शाळेतून बिनपगारी रजा काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. खाली पाहिलं तर निळ्या पाण्यात एक पिवळट ठिपका. म्हटलं, एवढंसं? एवढ्यासाठी माणसं घरदार सोडतात?

तिथल्या मनामा शहरातल्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर, कंपनीची खोली. खाट कंपनीची, कपाट कंपनीचं, चमचेसुद्धा कंपनीचे. हे पहाटे जायचे ते अंधार पडल्यावर यायचे, अंगाला ग्रीसचा वास घेऊन. दिवसभर मी आणि भिंतीतला एसी, थंडीतही चालूच असलेला. तो घुरघुरायचा, मी ऐकायची. खालून अरबी बोलणं यायचं, ते भांडण आहे का गप्पा हेही कळायचं नाही. नळाचं पाणी मचूळ. यांना वाटायचं मला त्रास होतोय. मी म्हणायची, मिठागरवाल्याच्या घरात दिलीय मला, खाऱ्या पाण्याचं काय सांगता? पण खरं सांगते, दुपारी दोनच्या सुमाराला त्या खोलीत असं एकटं वाटायचं की मी आरशातल्या बाईशी बोलायची. ती निदान मराठी बोलायची.

पहिल्या शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही बाजारात गेलो आणि खजुराच्या पात्यांची एक चटई घेतली. लाल-निळ्या पट्ट्यांची. खोलीतली आमची अशी तेवढीच वस्तू. बाकी सगळं कंपनीचं, चटई आमची. सकाळी मी ती अंथरायची, तिच्यावर बसून भाजी निवडायची, आणि निवडता निवडता मनात संसार मांडायची. या खिडकीला पडदा. त्या कोपऱ्यात देव. भिंतीला एक फळी ठोकली तर डबे राहतील. मनातल्या मनात पडदे लावूनसुद्धा झाले होते. यांनी एकदाच "राहा" म्हणायला हवं होतं, मी शाळेचा राजीनामा तिथूनच पोस्टात टाकला असता.

पण हे म्हणत नव्हते. आणि मी विचारत नव्हते. बोलावलं यांनी, तर ठेवून घ्यायचं तेही यांनीच म्हणावं, असा माझा मान आडवा येत होता. थंडी सरत चालली होती. रजा संपत आली. परतीचं तिकीट कपाटात पडलं होतं आणि ते कपाट उघडायला मला नको वाटायचं.

शेवटच्या शुक्रवारी हे म्हणाले, "चल, तुला बेट दाखवतो. नाहीतर गावाला जाऊन सांगशील, काही बघितलंच नाही." गोदीतल्या एका मल्याळी मित्राची पिकअप यांनी मागून आणली. मी ठरवलं, आज विचारायचं. राहू का? हो किंवा नाही, काय ते आज होऊन जाऊ दे.

आणि जायचंच आहे तर डब्यात चपाती-भाजी काय न्यायची? पौष अजून सरला नव्हता. बाजारात हिरव्या, जाडजूड शेंगा आल्या होत्या, आपल्या वालाच्या थोरल्या चुलतबहिणीच म्हणा. ओवा माझ्याकडे होता, आईने पोटदुखीसाठी बांधून दिलेला. भांबुर्डा मिळणार नव्हता, तर कोबीची पानं घेतली. हे बघतच राहिले. "पोपटी? वाळवंटात?" म्हटलं, त्यात काय, माती तर माती. यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता विचारावं. पण हे खाली जाऊन गाडीचा हॉर्न वाजवायलासुद्धा लागले.

पहिल्यांदा थांबलो ते कुंभारांच्या गावात. तिथे मडकं घ्यायचं होतं. आवारात मडक्यांच्या रांगा, आणि गावाभोवती बघावं तिकडे मातीचे उंचवटे, शेकड्यांनी. म्हटलं, या काय टेकड्या? हे म्हणाले, "थडगी आहेत. हजारो वर्षांपूर्वीची." लोक थडग्यांच्या पोटात भट्ट्या करून मडकी भाजत होते. मला ते आवडलं, खरंच आवडलं, पण तोंडातून निघालं, "शुभ मुहूर्तावर आणलंत हो!" पुढे दक्षिणेला निघालो. रस्त्याच्या कडेने तेलाचे नळ आमच्याबरोबर धावत होते. यांनी बेटावरची पहिली तेलाची विहीर दाखवली. मी वाकून बघायला गेले तर विहीरच नाही, नुसता लोखंडी नळ्यांचा गुंता. आणि मग रस्ता संपला, वाळू सुरू झाली, आणि लांबवर ते झाड दिसलं.

एकच झाड. चहूकडे पिवळा उजाड माळ, आणि मधोमध हे हिरवं, पसरलेलं, फांद्या जमिनीला टेकवून बसलेलं. पानं आपल्या शमीसारखी बारीक. पाणी कुठून मिळतं कुणालाच माहीत नाही म्हणे. शेकडो वर्षं असंच एकटं उभं आहे. मी त्याच्या बुंध्याला हात लावला आणि का कोण जाणे, रडू आलं. रडू आलं की मी चेष्टा करते, ही माझी जुनी खोड. म्हटलं, "काय हो, दिवसभर फिरवून दाखवलंत काय, तर थडगी, नळ नि एक झाड! आमच्या तळवलीच्या बांधावर याहून जास्त झाडं आहेत."

हे गाडीकडे वळले. फडकं घेऊन गाडीची काच पुसायला लागले.

मी मडकं भरायला बसले. कोबीची पानं, शेंगा, मीठ, ओवा, दोन बटाटे. हात आपोआप चालत होते. यांनी वाळूत खळगा केला. मडकं उपडं घातलं. मी काडीपेटी काढली आणि यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघितलं.

जळणच नव्हतं.

सगळं आणलं होतं, अगदी मीठसुद्धा पुडीत बांधून. पण पोपटीला जळण घेऊन कोण जातं? तळवलीत काय, उरणला काय, शेतात पाय ठेवला की पेंढा, पातेरा, झावळ्या, हात लांब केला की जळण. ते आणायचं असतं हेच दोघांच्या डोक्यात नव्हतं. वाळवंटात आम्ही दोघं पोपटीवाले, हातात काडीपेटी घेऊन, आणि जाळायला गवताची काडी नाही. आम्ही इतके हसलो! हे वाळूत गडाबडा लोळायचे बाकी राहिले. त्या सगळ्या थंडीत आम्ही तेवढंच हसलो असू.

मग दोघांचीही नजर झाडाकडे गेली. हे म्हणाले, "नको. एवढं एकच आहे बिचारं." मलाही तेच वाटत होतं. मडकं ज्या फळांच्या खोक्यात ठेवून आणलं होतं ते यांनी पायाने मोडलं. खोकं भुरूभुरू जळलं आणि विझायला आलं, मडकं नुसतं कोमट. उत्तरेकडचा वारा सुटला होता. मी बरोबर आणलेल्या चटईवर बसले होते. मनाशी म्हणत होते, आता विचार, आता विचार. तोंड उघडलंसुद्धा. "अहो, मी काय म्हणते..."

"जरा ऊठ," हे म्हणाले. मी उठले. यांनी माझ्या पायाखालची चटई ओढली, तिचे उभे-आडवे तुकडे केले आणि मडक्याभोवती खोचले.

"अहो, नवी चटई!"

"असू दे," हे खाली बघत म्हणाले. "आता कोण बसणार आहे तिच्यावर?"

खजुराची वाळकी पात. धडधडून पेटली. लाल-निळे पट्टे आधी काळे झाले, मग दिसेनासे. मला उत्तर मिळालं होतं. न विचारताच मिळालं होतं, मग विचारून स्वतःची शोभा कशाला करून घ्यायची? मी पदराने डोळे पुसले. धूर होताच, धुरावर घातलं.

आमच्याकडे मडकं उघडलं की हाक घालायची पद्धत आहे. आसपासच्या शेतात जो कुणी असेल त्याने यावं, ओंजळभर शेंगा घ्याव्या. पोपटी एकट्याने खायची नसते, दोघांनीही नाही. ती दहा-बारा जणांची, गोंगाटाची, एकमेकांच्या हातातून ओढून खायची गोष्ट आहे. यांनी गाडीतल्या पान्याने मडकं कलतं केलं, वाफ आली, आणि सवयीने माझ्या तोंडून हाक गेली. "या रेऽऽ, शेंगा खायाला याऽऽ!" गावची हाक, गावच्याच बोलीत. ती वाळूवरून गेली ती गेलीच. कुणी ओ दिली नाही. इतकी मोठी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. हे उठून माझ्याजवळ उभे राहिले.

शेंगा अर्ध्याकच्च्या होत्या. मी मडकं दहा माणसांचं भरलं होतं. दोघांनी खाऊन खाऊन किती खाणार? उरलेल्या शेंगा झाडाखाली पसरून आलो, कुणाच्या तरी शेळ्या येतील म्हणून.

पुढच्या आठवड्यात मी वाशीला परतले.

त्यानंतरचे पौष एकासारखे एक. हे वर्षातून महिनाभर यायचे, साबण, सेंट नि कापड घेऊन. जाताना म्हणायचे, "अजून दोनच वर्षं." दोन वर्षं संपली की पुन्हा दोन वर्षं. मूल झालं नाही. महिन्याभराच्या संसारात मूल व्हायचं तर त्यालाही रजा टाकूनच यावं लागलं असतं. सोसायटीत मला 'बहरीनच्या बाई' म्हणतात. "मिस्टर कधी येणार? एकटीला टेन्शन नाही येत?" मी म्हणायची, टेन्शन कसलं, उलट डबा एकच भरायचा. लोक हसायचे. मग घरी येऊन मी कुलूप उघडायची, आणि कुलूप उघडल्याचा आवाज सगळ्या घरात फिरून परत माझ्याकडेच यायचा. एकटं राहण्याची सवय होते असं म्हणतात. होत नाही. एकटं आहोत हे लपवण्याची होते.

पौषात काशिनाथचा निरोप यायचा, मी जायची. शेंगा खायची, भावजयीची चेष्टा करायची, शेवटच्या बसने परत यायची. बसायला म्हणून माझ्याबरोबर कधी चटई नसायची. मी चटई विकतच घेतली नाही पुन्हा. घरात कुणी विचारणारंही नव्हतं, का नाही म्हणून.

या दिवाळीत हे कायमचे परत आले.

वाटलं होतं, आता घर भरेल. भरलं, नाही असं नाही. पण कसं सांगू? साखरेचा डबा कुठे आहे ते हे विचारतात. दिव्याचं बटण भलत्याच भिंतीवर शोधतात. रविवारी लवकर उठून बसतात आणि शुक्रवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभे राहतात. कुठे जायचंय, विचारलं की ओशाळतात. रात्री एसीची घुरघुर नाही म्हणून यांना झोप लागत नाही, आणि शेजारी कुणीतरी आहे म्हणून मला. मला वाटतं, माझ्याकडे पाहुणा आलाय. यांना वाटत असावं, आपण कुणाच्या तरी घरी उतरलोय. दोघंही एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून जपून चालतो.

परवा काशिनाथ स्वतःच आला. "बाय, यंदा भावोजी हायेत ना? मंग दोगंय या. शेंगा भरल्यात."

गेलो. उन्हं कलली होती. खाडीकडून गार वारा येत होता. घणसोलीकडे नव्या इमारतींचे सांगाडे उभे दिसत होते. शेतात दहा-पंधरा माणसं, मडकी दोन, पेंढ्याचा ढीग. काशिनाथने आम्हाला बसायला गोणपाट दिलं. "भावोजी, हिकडं बसा. तिकडं धूर हाय, डोल्यांत पानी येल." हे बसले. मी बसले. आमच्यामध्ये हातभर अंतर राहिलं, रोजच्यासारखं.

पेंढा पेटला. हे एकटक बघत होते. मग म्हणाले, "आपण केली होती एकदा. त्या झाडाखाली. आठवतं?"

म्हटलं, आठवतं.

"जळण न्यायलाच विसरलो होतो." हे हसले. किती दिवसांनी हसले. "मग काय जाळलं गं आपण? खोकं ना?"

मी यांच्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. खरंच आठवत नव्हतं.

"खोकं आधी," मी म्हटलं. "मग चटई."

"चटई होती का?" हे विचारात पडले. "हां, असेल. तू पुढच्या आठवड्यात निघणारच होतीस. खोलीत तुझी वस्तू राहिली असती, तर मला..." आणि थांबले. काठीने उगाच माती उकरत राहिले. मग म्हणाले, "तुला राहा म्हणणार होतो त्या दिवशी. म्हणून तर गाडी आणली होती. पण तुला तिथलं काहीच आवडलं नाही. थडगी म्हणालीस, नळ म्हणालीस. निदान झाड आवडेल वाटलं होतं. म्हटलं, जाऊ दे, आपल्या माणसाला कशाला उजाडात डांबून ठेवायचं? आणि तूही कधी विषय काढला नाहीस."

पेंढा जळून खाली बसला होता. पलीकडे कुणीतरी कुणाला तरी ढकललं, बायका खिदळल्या.

"झाड आवडलं होतं मला," मी म्हटलं.

यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात काशिनाथने काठीने मडकं कलतं केलं. वाफ उसळली, भांबुर्ड्याचा वास सगळ्या शेतभर झाला, आणि भावजय मोठ्याने ओरडली, "या रेऽऽ, शेंगा खायाला याऽऽ!"

बांधाबांधावरून ओ आली. माणसं येत गेली. कुणीतरी आमच्या पुढ्यात गरम शेंगांची रास ओतली. यांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले. दुसरी सोलली, तेही ठेवले. स्वतः एक दाणा तोंडात घातला नाही. माझी ओंजळ भरली तरी हे सोलतच राहिले, आणि दाणे खाली गोणपाटावर, आमच्यामधल्या त्या हातभर जागेत, पडत राहिले.